दोन एक्के, दोन राजे

पेल्यावर चमचा वाजला. एकदाच, टण्ण.

मी दूर्वाच्या पाठीवरचा हात तसाच ठेवून श्वास धरला. अकरा महिन्यांची पोर तासाभराच्या रडारडीनंतर नुकती कुठे निजली होती. मार्चची दुपार, सासूबाई काजूच्या बागेत गेलेल्या. पंखासुद्धा मी बंद केला होता, कारण तो करकरायचा आणि ती उठायची. काही हवं असलं तर हाक मारायची नाही, स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा, असं मीच नवऱ्याला सांगून ठेवलं होतं.

दूर्वा हलली नाही. मी पाय न वाजवता बाहेरच्या खोलीत गेले.

रूपेश पालथा पडलेला होता. कालपासून तसाच होता आणि अजून बारा दिवस तसाच राहायचा होता. खाटेच्या कडेबाहेर डोकं, त्याखाली फट ठेवून मांडलेली दोन स्टुलं, आणि त्यांच्यावर सासूबाईंची चुंबळ. डोक्यावर कळशी घेताना खाली घेतात ती कापडाची चुंबळ. तिच्या भोकात त्याचं नाक-तोंड बरोबर बसायचं आणि त्याला खालची फरशी तेवढी दिसायची. म्हणजे फरशीचा रंग दिसायचा.

मी विचारलं, पाणी देऊ का. नको. मान अवघडली का. नाही.

"कॅट खंय आसा?" तो चुंबळीतून म्हणाला.

मला वाटलं, भुलीची गुंगी अजून उतरली नाही. पत्त्यांचा कॅट कशाला हवा होता त्याला? पण तो शुद्धीत होता. म्हणाला, माझ्या कामाच्या पिशवीत असेल, काढ, नीट पिस, चार पानं घे आणि मला वाचून दाखव. नाहीतर मी वेडा होईन.

माझं माहेर निपाणीचं. बांद्याला लग्न होऊन आले त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. लग्न ठरताना माझ्या घरी सांगितलं होतं की मुलगा जहाजावर नोकरीला आहे. आमच्या मामांनी भर बैठकीत विचारलं, जहाज कुठल्या कुठल्या देशाला जातं. रूपेश शांतपणे म्हणाला, "खंय जायत नाय मामा. नदीत उभा आसता." मग कळलं की ते जहाज म्हणजे पणजीच्या नदीतला कॅसिनो आणि हा तिथे पत्ते वाटणारा, डीलर. मामा चहा न घेता उठले होते. मी मात्र त्याचे हात बघत होते. पोह्यांची बशी त्याने दोन बोटांत अशी धरली होती, जशी ती काहीच वजनाची नाही.

तो स्वतः कधी खेळला नाही. डीलरला खेळायची मनाईच असते. सहा वर्षं रोज आठ तास दुसऱ्यांना पत्ते वाटायचे, दुसऱ्यांची पानं वाचायची आणि कोण जिंकलं ते सांगायचं. त्या उन्हाळ्यात जहाजावर ओमाहा नावाच्या खेळाचं नवं टेबल सुरू होणार होतं. नेहमीच्या पोकरमध्ये माणसाला दोन पत्ते, यात चार. म्हणून वाचायला फार अवघड. शंभर डीलरांतून तिघांना निवडलं होतं, त्यात रूपेश. आणि फेब्रुवारीत एका संध्याकाळी, पत्ते वाटता वाटता, त्याच्या उजव्या डोळ्यावर कडेने कुणी काळा पदर ओढावा तसं झालं.

डोळ्याचा पडदा सुटला होता. पणजीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून तो बसवला आणि डोळ्यात हवेचा एक फुगा सोडला. फुगा वर जायला बघणार. तोंड खाली असेल तर तो मागच्या पडद्याला दाबून धरेल. म्हणून चौदा दिवस तोंड खाली. जेवताना खाली, मोरीत जाताना खाली. डावा डोळा त्याचा जन्मापासून कमजोर होता, समोर माणूस आहे की खांब एवढंच त्याला कळायचं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "ऑपरेशनचं काम माझं झालं. आता त्यांना पालथं ठेवणं हे तुमचं काम."

ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि पदराला गाठ मारल्यासारखं जपलं.

तर मी पत्ते पिसले. माझ्याने ते धड पिसलेही जात नव्हते, अर्धे सांडले. त्या आवाजानेच तो हसला. चार पानं काढली आणि वाचली. इस्पिकचा एक्का, किलवरचा एक्का, चौकटचा एक्का आणि बदामची सत्ती. मी हरखले. पहिल्याच झटक्याला तीन एक्के.

"तीन एक्के इले म्हणान खूश झालंस?" तो म्हणाला. "फेकून दी."

मग त्याने मला समजावलं. या खेळात हातात चार पानं आली तरी त्यातली दोनच वापरायची, ना कमी ना जास्त. बाकीची तीन टेबलावर मधे उघड्या मांडलेल्या पाचांतून घ्यायची, ती पाच सगळ्यांची. तीन एक्के हातात असले तर तिसरा नुसता अडकून पडलेला, आणि तो तुझ्याकडे आहे म्हणून टेबलावर यायचाही नाही. हातातली सत्ती तर कुणाच्याच ओळखीची नाही. चारही पानं एकमेकांच्या ओळखीची पाहिजेत, तो म्हणाला. दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती, त्यात दोन बदाम आणि दोन इस्पिक, असं पान दिसायला गरीब पण कुठूनही उठून उभं राहतं. आणि ज्याला बाकी तिघं ओळखत नाहीत असं चौथं पान आलं, तर ते पाहुणं. घरात जेवतं आणि काम करत नाही.

"माझ्या मामांसारखं," मी म्हटलं.

चुंबळीतून हसण्याचा फुसफुस आवाज आला. दोन दिवसांनी पहिल्यांदा.

तेव्हापासून आमचं रोजचं ठरलं. दूर्वा निजली की चमचा वाजायचा. मी त्याच्या डोक्यामागे भिंतीला टेकून बसायची, पिसायची, चार पानं वाचायची. तो दहापैकी गुण द्यायचा, पण आधी मला द्यायला लावायचा. मी राजे-राण्या बघून आठ म्हणायची, तो तीन म्हणायचा. जहाजावर शिकलेसवरलेले लोकसुद्धा असेच फसतात, तो सांगायचा. हातात राजबिंडी पानं बघतात आणि भाळतात. एका वेळी फार पैसे लावताच येत नाहीत, मधे जेवढे जमले असतील तेवढेच, म्हणून त्यांना वाटतं सांभाळून खेळतोय. पण ती रक्कम दर फेरीला फुगत जाते. सुरुवातीला पान ओळखण्यात चूक झाली तर ती तेव्हा दिसत नाही. शेवटी दिसते.

तो हे सांगताना मी त्याच्या मानेला खोबरेल चोळत असायची. मानेचे मणके वर आले होते. एवढ्या वर्षांत माझ्याशी इतकं तो कधी बोलला नव्हता. कामावरून पहाटे यायचा, झोपायचा, परत बस पकडायचा. मला ते दिवस आवडायला लागले होते हे मी आज लिहिते. तेव्हा स्वतःलाही सांगितलं नसतं.

पाचव्या दिवशी दूर्वाला ताप आला. दात येत होते. ती माझ्या अंगावरून खाली उतरेना. एका हाताने तिला धरून, दुसऱ्या हाताने पेज ढवळत मी स्वयंपाकघरात उभी होते आणि बाहेर चमचा वाजला. मग पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला रडू आलं. कॅट फळीवरच होता. मी तो डाव्या हाताने नुसता फरफरवला, ठेवला आणि तिथूनच सांगितलं, "किलवरची राणी, किलवरची नव्वी, बदामचा गुलाम, बदामची दश्शी."

तोंडाला येईल ते. काढलं काहीच नव्हतं.

बाहेर चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, बघ, हे पान. याला मी साडेसात देतो. आणि तो एकटाच त्यावर बोलत राहिला, टेबलावर काय आलं तर काय होईल, कशाला घाबरायचं, कशाला नाही. पेज उतू गेली, दूर्वा खांद्यावर झोपली, तरी तो बोलत होता.

त्यानंतर मी तसं वरचेवर केलं. आधी हात मोकळे नसले की. मग असले तरी. खरी पानं फार कंटाळवाणी यायची, दोन-तीन गुणांची, आणि तो लगेच गप्प व्हायचा आणि मान हलवायला लागायचा. मी बनवलेली पानं बरी असायची. फार बरी नाही, पाच-सहाची, मधेच एखादं आठाचं. मी हुशार झाले होते. पाहुणं पान कुठे घालायचं ते कळायला लागलं होतं. टेबलावरचे पत्तेही मीच मनाने मांडायची, त्याला कधी जिंकवायची, कधी अगदी थोडक्यात हरवायची, म्हणजे तो पुढच्या डावासाठी पडून राहील. पत्ते पिसण्याचा आवाज मात्र दर वेळी करायची. डॉक्टरांनी सांगितलेलं काम मी करत होते.

आठव्या दिवशी मी त्याला विचारलं, तुम्ही दहापैकी दहा कधी देता?

तो म्हणाला, दहा एकालाच. दोन एक्के, दोन राजे, आणि प्रत्येक एक्क्याबरोबर त्याच्याच रंगाचा राजा. याच्यावर काही नाही. पंचेचाळीस हजार डावांत एकदा येतं. त्याने ते कधी पाहिलं नव्हतं. वाटणाऱ्याला पानं पालथीच दिसतात, आणि लोक न दाखवता टाकून देतात.

"कदाचित मी वाटलंयसुद्धा आसतला कोणाक तरी," तो म्हणाला. "माका कळलाच नसतला."

नवव्या दिवशी सकाळी फ्रँकीचा फोन आला. फ्रँकी त्याच्याबरोबर टेबलावर असायचा, चांगला मुलगा. मी फोन स्टुलाशी धरला. फ्रँकी आधी डोळ्याचं विचारत राहिला, आईचं विचारलं, दूर्वाचं विचारलं. मग म्हणाला की ओमाहाचं टेबल महिनाभर आधी सुरू करतायत, सोमवारपासून. तिसरं नाव दुसऱ्याचं गेलं. तू बरा हो, पुढचं पुढे बघू.

रूपेश म्हणाला, बरं झालं कळवलंस.

त्या दिवशी चमचा वाजला नाही. मी पेज नेली, त्याने दोन घास घेतले. मी मान चोळायला गेले तर नको म्हणाला. दुपारी मी दूर्वाला कडेवर घेऊन बाहेर आले तेव्हा त्याचे हात खाटेच्या कडेवर होते, उठताना ठेवतो तसे.

"आता बास," तो म्हणाला. "मी उठतंय. होवचा ता होंवदे."

मी सांगितलं, पाच दिवस राहिले. तो म्हणाला, कशासाठी? टेबल गेलं. आता हा डोळा घेऊन काय वाटू, काजू? मी दूर्वाला खाली ठेवलं, तिच्या हातात पळी दिली, आणि कॅट उचलला. एकच डाव, मी म्हटलं. एक डाव झाला की मग बघू. त्याने हात खाटेवरून काढले.

मी भिंतीला टेकून बसले. पिसले. तोवर मला पिसताही चांगलं यायला लागलं होतं. दूर्वा हातभर अंतरावर फरशीवर पळी आपटत होती. त्याच्या पाठीवर घामाने बनियन चिकटला होता आणि बरगड्या दिसत होत्या. माझ्या मनात तेव्हा दुसरं काही नव्हतं. हा माणूस खूश व्हावा, एवढंच. आज त्याला असं पान द्यावं की उरलेले पाच दिवस तो त्याच्यावरच पडून राहील.

"बदामचा एक्का," मी म्हटलं.

चुंबळीतून नुसता हुंकार आला.

"बदामचा राजा. इस्पिकचा एक्का."

त्याचा श्वास थांबलेला मला कळला. चुंबळीतला आवाज येईना.

"आणि?"

"इस्पिकचा राजा."

मला वाटलं होतं तो हसेल. पुन्हा वाच म्हणेल. मग आम्ही तो डाव तासभर खेळू, मी टेबलावर कुठले पत्ते येतील तेही मनात जुळवून ठेवले होते, त्याला शेवटच्या पत्त्यापर्यंत झुलवून जिंकवणार होते.

स्टुलं सरकली. तो उठून बसला होता. सरळ, मान ताठ, तोंड माझ्याकडे. नऊ दिवसांनी मी त्याचा चेहरा समोरून पाहत होते. सुजलेला, कपाळावर आणि गालांवर चुंबळीच्या दोऱ्यांचे वळ. त्याने डोळ्यावरचं प्लास्टिकचं झाकण पट्टीसकट ओढून काढलं. डोळा लाल होता आणि त्यातून पाणी वाहत होतं.

"दाखय," तो म्हणाला. "माका दाखय."

माझ्या हातात अख्खा कॅट होता. एकही पान वेगळं काढलेलं नव्हतं.

त्या वेळी मी बोलू शकले असते. मी बनवलं, असं म्हणायला किती वेळ लागतो? दोन शब्द. पण मग पाचव्या दिवसापासूनची सगळीच पानं खोटी झाली असती, साडेसातचं पान, थोडक्यात हरलेले डाव, सगळं. तो तसा माझ्याकडे तोंड करून बसलेला, हात पुढे केलेला, चेहऱ्यावर असं काही की लग्नातसुद्धा मी पाहिलं नव्हतं. मी कॅट हातातून सोडून दिला. बावन्न पानं फरशीवर पसरली.

"दूर्वानं विस्कटले," मी म्हटलं.

दूर्वाने आपलं नाव ऐकून वर पाहिलं आणि ती हसली. तिला वरचे दोन दात नुकते आले होते.

रूपेशने पुढे केलेला हात मागे घेतला. मग मोठ्याने हसला. पंचेचाळीस हजारांत एकदा, आणि ह्या चेडवान, तो म्हणाला, आणि मला सांगितलं की शोध, इथेच असतील, एकेक पान उजेडात धर, मला लाल-काळं तरी कळेल. आणि मी शोधायला लागले. खोटं पुरं करायला मी गुडघ्यांवर बसून खरंच ती चार पानं शोधत होते, आणि तो खाटेवर मान वर करून बसला होता, खिडकीकडे तोंड करून. बदामचा एक्का सापडला. मी तो खिडकीत धरला. "हां, लाल," तो म्हणाला. "आणि?" इस्पिकचा राजा खाटेखाली होता. मी खाटेखाली शिरले. तिथे, खाटेखालच्या काळोखात, त्याच्या लोंबणाऱ्या पायांशी माझं डोकं आलं तेव्हा मला एकदम आठवलं की हे पाय खाली लोंबायला नको होते.

मी ओरडले, मान खाली घाला. तो निमूट पालथा झाला.

तो किती वेळ बसला होता ते मी नंतर शेकडो वेळा मनात मोजलं आहे. कधी अर्धं मिनिट भरतं, कधी पाच.

उरलेला दिवस तो इतका आनंदात होता की सासूबाईंनी विचारलं, कायतरी बरी बातमी इली काय. चुंबळीतून तो त्यांना सगळं सांगत राहिला. त्यांना एक्का आणि राजा यातला फरक माहीत नव्हता, तरी त्या बरं बरं म्हणत होत्या. पट्टी मी नवीन लावली. तपासणीपर्यंतचे दोन दिवस तो मुकाट पडून राहिला, चमचाही वाजवला नाही. आता दुसरं पान कशाला, म्हणाला.

बाराव्या दिवशी तपासणी होती. डॉक्टरांनी फार वेळ पाहिलं. दिवा लावून, दिवा काढून, पुन्हा लावून. मग विचारलं, मान वर केली होती का?

मी तोंड उघडायच्या आत रूपेश म्हणाला, "केली होती. एकदा. चूक माझी."

का केली ते त्याने सांगितलं नाही. मीही नाही.

डॉक्टरांनी मला नंतर बाहेर बोलावलं. पडदा पुन्हा सुटला होता. परत ऑपरेशन करू, म्हणाले, पण फार आशा ठेवू नका. मी विचारलं, तेवढ्यानेच झालं का? थोडाच वेळ बसले होते. त्यांनी हातातलं पेन खिशाला लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढ्याने सुटतो असं नाही. सुटत नाही असंही नाही."

दुसरं ऑपरेशन झालं. पुन्हा चौदा दिवस तीच खाट, तीच चुंबळ. मी पत्त्यांचं विचारलं नाही, त्यानेही नाही. ते चौदा दिवस तो पूर्ण पालथा होता, एकदाही हलला नाही, आणि त्यानंतर त्या डोळ्याला दिवस आहे की रात्र एवढंच कळायला लागलं. जहाजावरच्यांनी थोडे दिवस वाट पाहिली. मग फ्रँकी त्याचा गणवेश परत न्यायला आला आणि आमच्या पडवीत बसून रडला. रूपेश त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

आता तो गावातल्या काजूच्या कारखान्यात डब्यांवर झाकणं बसवतो. त्याला डबा दिसावा लागत नाही, त्याची बोटं अजून तशीच आहेत. येताना शेजारचा बाबी त्याला वळणापर्यंत आणून सोडतो, तिथून तो कुंपणाला हात लावत येतो. रात्री निजताना तो माझ्या केसांतून हात फिरवतो. त्याने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. कधी कधी मला वाटतं, त्याला माहीत आहे. सहा वर्षं पत्ते वाटलेला माणूस. पान काढल्याचा आवाज आला की नाही ते त्याला कळलं नसेल? पण विचारायचं तर सांगावं लागेल, आणि सांगायचं तर त्याच्याकडे आता ते एकच पान आहे.

कारण ती गोष्ट तो सांगतो. घरात पाहुणा आला, कारखान्यात नवा माणूस आला, की सांगतो. पंचेचाळीस हजारांत एकदा येतं ते पान मला आलं होतं. दोन एक्के, दोन राजे. बायकोने वाचलं. आणि ही आमची दूर्वा, एवढीशी होती, हिने फासकन सगळं विस्कटून टाकलं, बघायचंच राहिलं. लोक हसतात. तोही हसतो, दूर्वाला जवळ ओढतो, तिच्या डोक्याचा मुका घेतो. तीन वर्षांची होती तेव्हा ती ही गोष्ट मुद्दाम सांगायला लावायची आणि "विस्कटलं" म्हटलं की टाळ्या पिटायची.

आता ती सात वर्षांची आहे. टाळ्या कधी थांबल्या ते मला कळलं नाही. गणपतीत सगळी जमली होती तेव्हा तिच्या चुलत बहिणीने हिशेब जुळवला. तू पत्ते विस्कटले नसतेस तर काका शोधत बसले नसते, आणि शोधत बसले नसते तर त्यांचा डोळा गेला नसता. मुलांचं बोलणं, मी आतून ऐकलं. बाहेर जाऊन त्या पोरीला दटावलं, असं बोलू नये म्हटलं. असं नव्हतं, एवढं म्हटलं नाही.

तेव्हापासून दूर्वा बाबांच्या वस्तूंना हात लावत नाही. त्याचा चष्मा, काठी, चहाचा कप, काही पुढे करायचं असलं तर मला हाक मारते. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून चालते, एक एक पाऊल टाकत. शाळेत बाई म्हणाल्या, फार व्यवस्थित आहे हो तुमची मुलगी, दप्तरातली पेन्सिलसुद्धा जागची हलत नाही.

परवा रविवारी मी तिला पुढ्यात घेऊन वेणी घालत होते. रूपेश अंगणात ऊन खात बसला होता. तेल लावून झालं, भांग काढला, एक वेणी झाली. ती हात मांडीवर ठेवून अगदी सरळ बसली होती, मी म्हटलंही की अगं, जरा सैल बस. ती सैल बसली नाही. मागे न वळता, बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं,

"आई, मी तेव्हा बाबांचे पत्ते का विस्कटले?"